हात मागे

प्रवेशाच्या मुलाखतीत मी एक वाक्य मोठ्या तोऱ्यात बोलले होते. "खुब्याचं हाड मोडून सासूबाई चार वर्षं अंथरुणाला होत्या. शेवटपर्यंत त्यांना मी बोटसुद्धा हलवू दिलं नाही." ट्यूटर मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मी मनात म्हटलं, झालं काम, पहिला नंबर आपलाच.

नर्सिंगचा हा एक वर्षाचा कोर्स. वर्गात आम्ही चौदा जणी, त्यातल्या तेरा जणींच्या आया माझ्या वयाच्या. सेहेचाळीसाव्या वर्षी पाठीवर दप्तर घेऊन निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "डबा मी भरून देऊ का?" त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, म्हणून मी फक्त हसले. पोरींनी पहिल्याच दिवशी मला काकू करून टाकलं. मला राग आला नाही असं नाही, पण चादर ताणून पलंग लावायची परीक्षा झाली तेव्हा त्याच पोरी माझ्यामागे "काकू, कोपरा कसा दुमडला, काकू, दाखवा ना" करत फिरत होत्या. मग राग गेला.

पहिल्या धड्यात मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं, आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं आणि खाली छोटीशी फुली मारली. माझ्याकडे पटत नसलेल्या गोष्टींना फुली मारायची पद्धत आहे.

दोन महिन्यांनी आम्हाला वॉर्ड मिळाले. माझ्या वाट्याला आला तो मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाचा, लांबट, आठ खाटांचा. जे आता आजारी नाहीत पण घरी जाण्याजोगेही नाहीत, अशांना तिथे ठेवत. सलाईनच्या बाटल्या नाहीत, धावपळ नाही. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर धरायचा दांडा आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता. त्यावर पाच कामं लिहिलेली: दात-तोंड, अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं. प्रत्येकापुढे तीन रकाने. 'स्वतः', 'थोडी मदत', 'पूर्ण मदत'. बरोबरची खूण करायची आणि खाली सही.

तिसऱ्या खाटेवर मास्तर होते. शाळामास्तर नव्हेत, टेलर मास्तर. पंचेचाळीस वर्षं शर्ट-पँटी शिवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती. पाय बराचसा परत आला, वाचा पूर्ण परत आली (नको तेवढी आली असं वॉर्डबॉय म्हणायचा), पण उजवा हात आला नाही. तो मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असायचा. मास्तर त्याला "आमचे पाहुणे" म्हणायचे.

"काकू, पाहुण्यांना आधी बाहीत घाला. मग मी."

"मास्तर, तुम्ही मला काकू म्हणता? माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे असाल."

"वय मोजायला मी काय टेप घेऊन बसलोय? ती दुकानात राहिली."

त्यांची बायको रोज अकराला यायची. बारीक चणीची, शांत बाई. तिच्या दोन्ही हातांना कंप होता. पाण्याचा पेला उचलला की अर्धं पाणी पदरात पडायचं. अंगातला स्वेटर कायम उघडाच, कारण त्याची बटणं तिला लागत नसत. ती खाटेशी बसायची आणि ते दोघं दुकानात कोणाचे कपडे पडून राहिलेत याच्यावरून हळू आवाजात भांडायचे. मला ते भांडण ऐकायला फार आवडायचं.

आता खरी गोष्ट सांगते. मास्तरांच्या घरात ते आणि ही बाई, तिसरं कोणी नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "घरी मदतीला धडधाकट हात नाहीत. म्हणून पाचही कामं स्वतः आली, तरच घरी. नाहीतर शुश्रूषा केंद्र." ते केंद्र गावाबाहेर, बस बदलून जायचं. तिथे फक्त रुग्णाला ठेवतात, बायकोला नाही. पेला धरता न येणारी बाई दोन बस करून कितीदा जाणार होती? हे त्या दोघांनाही कळत होतं, म्हणूनच ते कपड्यांवरून भांडत होते.

पाचांपैकी चार कामं मास्तरांना येऊ लागली होती. पँटला इलॅस्टिक होतं, ती ते एका हाताने चढवत. अडलं होतं फक्त शर्टापाशी. सहा बटणं. फिजिओने टी-शर्ट सुचवला, पण उजवा खांदा इतका दुखायचा की डोक्यावरून काही जाईना. शिवाय मास्तर म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं लोकांना कॉलर लावली, आता मी बनियनवर फिरू?"

तर पहिल्या सकाळी मी त्यांना शर्टाशी झटताना पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा बटणाला टेकवायचा, बटण घरंगळायचं, पुन्हा टेकवायचा. पंधरा मिनिटांत एक बटण काजात अर्धं गेलं आणि परत निघालं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. एवढा तोंडाळ माणूस आणि एका बटणापुढे रडकुंडीला आलेला, मला बघवेना. माझे हात आपोआप पुढे गेले. टक टक टक, सहाही बटणं अर्ध्या मिनिटात.

"देव भलं करो," मास्तर म्हणाले. मग तक्त्याकडे हनुवटीने खूण केली. "तिथे 'स्वतः'वर खूण करा की. पुढच्या शुक्रवारी तपासणी आहे. तोवर येईल मला."

मी केली. मनाशी म्हटलं, येईलच ना, मग चार-सहा दिवस आधी लिहिलं म्हणून काय बिघडलं? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मास्तर बाहीत हात घालून सरळ माझी वाट पाहत बसले. मी यायची, बटणं लावायची, खूण करायची, सही करायची. सहा दिवस, सहा सह्या. फिजिओने तक्ता वाचला, म्हणाला, "वा, कपडे जमले," आणि बटणांचा सराव बंद करून जिन्याचा सुरू केला. मी ते पाहिलं आणि त्या दिवशीही सही केली.

शुक्रवारी सकाळी दहाला डॉक्टर, फिजिओ आणि ट्यूटर मॅडम तिसऱ्या खाटेशी उभे राहिले. मास्तरांची बायको त्या दिवशी लवकर आली होती आणि दारापाशी रिकामी पिशवी घेऊन उभी होती. सामान न्यायला आणलेली.

दात झाले, अंघोळ झाली, जेवण, संडासला जाणं झालं. मग शर्ट. पाहुणे बाहीत गेले, डावा हात गेला. आणि मग पहिल्या दिवशीचंच सगळं पुन्हा. अंगठा, बटण, घरंगळणं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मास्तर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आज हात जरा रुसलाय." माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मला वाचवत होते ते.

डॉक्टरांनी तक्ता उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. "सहा दिवस जमत होतं आणि आज एकही बटण नाही? म्हणजे चांगला हातही बिघडतोय." ते मॅडमकडे वळले. "डोक्यात पुन्हा काहीतरी झालेलं दिसतंय. आजच स्कॅन करू. घरचं रद्द. केंद्रात जागा सांगून ठेवा."

दारातल्या बाईच्या हातातून पिशवी पडली.

मी चांगुलपणा करायला गेले होते आणि बऱ्या होत चाललेल्या माणसाला कागदावर दुसरा झटका आणून ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, पण ते वाक्य बाहेर काढताना टाळूला चिकटली.

"काही बिघडलं नाही, सर. त्यांना कधी जमलंच नव्हतं. बटणं मी लावत होते."

मास्तर म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना." मी म्हटलं, "सही माझी आहे."

डॉक्टर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. शेवटी मॅडमनी मध्ये पडून एक आठवडा मागून घेतला. केंद्राची जागा पुढच्या शुक्रवारपर्यंत धरून ठेवता येत होती, त्यानंतर नाही.

मग मॅडमनी मला औषधांच्या खोलीत नेलं. मला वाटलं, आता घरी पाठवणार. त्या म्हणाल्या, "मारहाण करणारी नर्स मी एका दिवसात ओळखते. तुमच्यासारखी ओळखायला वेळ लागतो, कारण रुग्ण तिच्यावर खूश असतो." मग त्यांनी माझे दोन्ही हात धरून पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवले. "उद्यापासून शर्टाच्या वेळी असं उभं राहायचं. तो माणूस रडला तरी, ओरडला तरी. हात मागे."

"आणि पडला तर?"

"पडला तर धरायचं. बटणं लावताना कोणी पडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी हात मागे घेऊन उभी राहिले. शाळेत हाताची घडी तोंडावर बोट करून बसवायचे, ते यापेक्षा सोपं होतं. मास्तर वीस मिनिटं झटले. मग त्यांनी शर्ट ओढून जमिनीवर फेकला आणि मला म्हणाले, "पुतळा बसवलाय का इथे? पगार कशाचा घेता?" मी म्हटलं, "पगार नाही मिळत, मास्तर, शिकाऊ आहे." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी शर्ट उचलला, झटकला, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि पुन्हा हात मागे घेतले. बोटांत बोटं इतकी घट्ट धरली होती की नखं रुतली. तक्त्यावर लिहिलं, 'पूर्ण मदत'. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सकाळी मास्तर अचानक थांबले आणि माझ्या दंडांकडे पाहून म्हणाले, "खाजतायत ना हात?"

"खूप."

"माझेही खाजायचे. पोरगा शिकाऊ होता माझ्याकडे, सख्खा पोरगा. त्याने काज करायला घेतलं की मला बघवायचं नाही. वेडंवाकडं टाके. 'दे इकडे' म्हणायचो आणि ओढून घ्यायचो. गिऱ्हाईक खोळंबायचं ना! दहा वर्षं दे इकडे, दे इकडे. आता लांब राहतो. काय धंदा काढलाय माहितीये? तयार कपड्यांचा. शिंप्याच्या पोटी!" ते हसले, पण हसू अर्ध्यातच विरलं. "त्याला अजून बटण लावता येत नाही. मी येऊच दिलं नाही."

मग ते शर्टाच्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. रुग्ण म्हणून नव्हे, शिंपी म्हणून. अंगठ्याने बटण वर-खाली करून पाहिलं.

"काकू, चूक हाताची नाहीच. शर्टाची आहे. हे बटण कापडाला चिकटून बसलंय, अंगठा खाली शिरणार कुठून? त्याला मान पाहिजे. आणि काज एका सुताने, किंचितच, मोठं." त्यांचा आवाजच बदलला. "सुई-दोरा आणा. आणि काडेपेटी."

"शिवणार कोण?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मास्तर, मला बटण म्हणजे चार टाके आणि गाठ, एवढंच येतं."

"दिसतंय ते तुमच्या एप्रनवरून."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या अंगावर बटणं लावायची नाहीत, एवढंच मी म्हटलं. शर्ट शिवायला माझी ना नाही."

मग दुपारी ती शिकवणी झाली. मास्तर उशीला टेकून, त्यांची बायको शेजारी, आणि मी सुई घेऊन. बटणाखाली काडी ठेवायची, काडीवरून टाके घ्यायचे, काडी ओढून काढायची, आणि बटणाखाली जो ढिला दोरा राहतो त्याला वेढे देऊन कडक देठ करायचा. ऐकायला सोपं आहे. माझं पहिलं बटण फुलपाखरासारखं लोंबलं. मास्तरांचा डावा हात सुईकडे झेपावला.

"दे इक—"

"मास्तर," मी म्हटलं, "हात मागे."

त्यांची बायको एवढ्या मोठ्याने हसली की सातव्या खाटेवरचे आजोबा दचकून जागे झाले. मास्तरांनी खरोखरच डावा हात पाठीमागे घेतला. सहा बटणं लावायला मला दीड तास लागला. त्या दीड तासात तो माणूस किती वेळा तोंडातल्या तोंडात पुटपुटला याची गणती नाही, पण सुईला हात लावला नाही. तिसरं बटण दोनदा उसवलं. काजं मोठी करताना बोट टोचलं. शेवटचं बटण लावून झालं तेव्हा मास्तरांनी ते दोन बोटांत धरून हलवून पाहिलं, आणि दहा वर्षांत पोराला न मिळालेलं प्रशस्तिपत्र मला मिळालं. "चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी पहिलं बटण नऊ मिनिटांत गेलं. मी तक्त्यावर 'थोडी मदत'ही लिहू शकत नव्हते, कारण पुढची पाच राहिली होती. पण गेलं होतं. त्यानंतर दोन, मग चार. मॅडम एकदा येऊन एवढंच सांगून गेल्या की खालून सुरुवात करा, खालचं डोळ्यांना दिसतं. गुरुवारी सहाही लागली, सव्वीस मिनिटांत. मी 'स्वतः'च्या रकान्यात खूण केली आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

शुक्रवारी पुन्हा तेच तिघं, तीच खाट. बायको दारात, पण या वेळी पिशवी घडी करून काखेत दाबलेली. कोणाला दिसू नये म्हणून.

मास्तर घाबरले होते. घाबरलेला माणूस जुन्या सवयीवर जातो. पंचेचाळीस वर्षांची सवय वरून सुरू करायची. त्यांनी कॉलरखालचं बटण धरलं आणि दुसऱ्या काजात घातलं. मला दिसलं. एक घर चुकलं होतं. मी तोंड उघडलं आणि मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं. दुसरं बटण तिसऱ्यात, तिसरं चौथ्यात. डॉक्टर घड्याळ पाहत होते. शेवटी खाली एक बटण उरलं आणि त्याला काजच नव्हतं. शर्ट एका बाजूला वर चढलेला.

मास्तर त्या उरलेल्या बटणाकडे बघत बसले. मी पाठीमागे एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. एक शब्द पुरला असता. मला सासूबाई आठवल्या, का कोण जाणे, उशीवरून कंगव्याकडे हात नेणाऱ्या.

मास्तरांनी मोठा श्वास घेतला. "गिऱ्हाइकाला असा शर्ट दिला असता तर दुकान बंद पडलं असतं," असं म्हणून त्यांनी एकेक करत सगळी बटणं काढली. आणि खालून सुरुवात केली.

एकतीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, "वेळ फार लागतो." मॅडम म्हणाल्या, "फॉर्मवर वेळेचा रकाना नाही, सर. आणि त्यांना कुठे गाडी पकडायचीय?" डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग हसले आणि सही केली.

मास्तर जायला निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेले. बायकोने सवयीने त्यांची कॉलर सरळ करायला थरथरता हात उचलला, अर्ध्यात थांबवला आणि तोच हात पाठीमागे नेला. मास्तरांनी डाव्या हाताने आपली कॉलर सरळ केली. मग सावकाश, अंगठ्याने, तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. तिचे डोळे भरले होते आणि माझेही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"आता यांना सगळ्या स्वेटरांना देठ लावायला बसवते," ती म्हणाली. मग माझा हात तिच्या दोन्ही कापऱ्या हातांत घेतला. "मॅडम सांगत होत्या, तुम्ही सासूबाईंची चार वर्षं सेवा केलीत, त्यांना बोटसुद्धा हलवू दिलं नाहीत. फार पुण्य केलंत हो. त्यांच्या हातांना काय झालं होतं? माझ्यासारखा कंप होता का?"

"नाही हो काकी," मी म्हटलं. "हात चांगले होते त्यांचे."

आणि मग, ती अजून माझ्याकडे बघत होती म्हणून, म्हटलं, "दोन्ही."

ते दोघं दांड्याला धरून हळूहळू गेले. मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पहिल्या वर्षी सासूबाई कंगव्याकडे हात न्यायच्या, चमच्याकडे न्यायच्या, पांघरुणाची घडी करायला बघायच्या. मी म्हणायची, "राहू द्या हो, मी आहे ना." किती प्रेमाने म्हणायची! दुसऱ्या वर्षी त्यांनी हात न्यायचं सोडून दिलं. मी शेजारणींना सांगायची, किती शांत झाल्यात बघा.

बऱ्याच वेळाने मी बाहेर आले. तिसऱ्या खाटेची चादर बदलली, कोपरे दुमडले. सातव्या खाटेवरचे आजोबा पाण्याचा पेला घ्यायला हात लांबवत होते आणि पेला वीतभर लांब होता. मी पेला त्यांच्या हाताच्या टप्प्यात सरकवला, हातात दिला नाही. मग हात मागे घेतले आणि उभी राहिले.